नवरदेवाच्या गाडीची स्टेपनी

भाचीच्या लग्नाची बैठक नांदेडला अक्काच्या घरी झाली. मुलाकडचे लातूरचे. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे वडील मांडी बदलून म्हणाले, "हुंडा-बिंडा आपल्याला काही नको. आपण त्यातले न्हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. हुंडा नको म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात काय मागतो याची वाट बघायला शिकण्याइतकी लग्नं मी पाहिली आहेत. पुढचं वाक्य आलंच. "फक्त पोराची एक हौस हाय. परण्या स्पोर्ट्स कारमधून निघावा."

लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवाकडे निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. पूर्वी त्यासाठी घोडा असायचा आणि तो मुलीकडच्यांनी आणायचा. मग उघडी जीप आली, तीही मुलीकडच्यांनी आणायची. घोड्याच्या जागी काहीही आलं तरी आणणारे बदलले नाहीत.

मी म्हणालो, "गाडी भाड्यानं मिळेल. आणखी काय काय भाड्यानं आणायचंय तेही सांगून टाका, एका खेपेत होईल."

कुणी हसलं नाही. दाजी घाईघाईनं म्हणाले, "होईल की. हैदराबादला मिळतेत तसल्या गाड्या." पाहुणे गेल्यावर अक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "कॉलेजात पोरं हसली असतील तुझ्या बोलण्याला. इथं माझ्या पोरीचा संसार उभा राहायचाय. आता लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको."

मी उघडलं नाही. कारण अक्का नव्हती, भाची होती. दाजींची बदली हिमायतनगरला झाली तेव्हा तिची अकरावी-बारावी नांदेडला आमच्या घरी झाली. सकाळी मी दाढी करत असायचो आणि ती पेपरातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मोठ्यानं वाचून त्यांना मार्क द्यायची. विशेषणांना वेगळे मार्क, गळ्यातल्या सोन्याला वेगळे. माझ्या बोलण्यातलं जे काही पुढच्या पिढीत गेलं ते तिच्यात गेलं. तिला मुलगा पसंत होता, आणि खरं सांगायचं तर मुलगा वाईट नव्हता. ज्या घरात वाढला त्या घरासारखा होता, एवढंच.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मामा, गाडीचं सोडून द्या. एक दिवसाची हौस आहे. तुम्ही फक्त मला हाताला धरून बोहल्यावर न्या आणि अक्षता पडेपर्यंत मागं उभे राहा. तुम्ही मागं असलात की मला कुणाची भीती नाही."

हे काम मामाचंच असतं. लग्नात मला जमण्यासारखं आणि मला पटणारं तेवढं एकच काम होतं. मी हो म्हणालो.

दोन्हीकडच्यांना मधलं म्हणून अहमदपूरचं कार्यालय घेतलं होतं. मुहूर्त गोरज. सकाळीच हैदराबादहून गाडी आली. पिवळी, दोन दारांची, माझ्या कमरेइतकी उंच. चालवत आणणारा ड्रायव्हर पन्नाशीचा, हैदराबादचाच. त्याला या गाडीबद्दल प्रेम नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाबद्दल मात्र त्याच्या मनात राग होता. नवरदेव फेटा बांधून बसायला गेला तर फेटा छताला अडला. मग फेटा काढून मांडीवर घेतला, बसला आणि खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना हलवून दाखवला. मित्रांनी फोटो काढले. नवरदेवाला घेऊन गाडी अजून एक फर्लांगही चालली नव्हती, तोवर तिचे फोटो लातूरभर पोचले होते.

मग पूजा. मारुतीच्या देवळापुढं गाडी उभी केली. नारळ फोडायचा मान नवरदेवाच्या मामांचा. हे किल्लारीकडचे बागायतदार. आजवर त्यांनी ज्या ज्या वाहनापुढं नारळ फोडला ती सगळी ट्रॅक्टर होती. देवळाच्या पायऱ्यांचं काम अर्धवट पडलेलं, तिथला एक घडीव दगड त्यांनी उचलला, गाडीच्या पुढच्या चाकाजवळ ठेवला आणि त्यावर नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. टाळ्या पडल्या, खोबरं वाटलं, चाकांखाली लिंबं ठेवली. दगड तिथंच राहिला. ट्रॅक्टरच्या बाबतीत दगड राहिला तर काळजी दगडानं करायची असते.

मामांनी दोन्ही हात हलवत ड्रायव्हरला खूण केली, "ये, ये, ये, घे लिंबावरून, येऊ दे!" ड्रायव्हरनं चाक वळवत गाडी घेतली. दगडाची धार टायरच्या कुशीत शिरली. फार आवाज झाला नाही. कुणीतरी कंटाळून सुस्कारा टाकावा तसा झाला.

"काही न्हाई, स्टेपनी काढ," मामा म्हणाले.

ड्रायव्हर खाली बसून चीर बघत होता. "साब, इसमें स्टेपनी आती-इच नहीं."

"काय म्हणतोय?"

"स्टेपनी येतच नाही म्हणतोय," मी सांगितलं.

"एवढी महागाची गाडी आन् स्टेपनी न्हाई? माझ्या छोट्या हत्तीला सुदीक हाय!"

ड्रायव्हरनं डिकीतून एक डबा काढला. त्यात गोंदासारख्या पदार्थाची बाटली आणि एक चिमुकला पंप. खिळा घुसला असता तर ही बाटली पुरली असती. टायरच्या बाजूला माझा अंगठा आत जाईल एवढी चीर होती.

नवरदेवाची आई तिथंच होती. ती म्हणाली, "बैठकीतच ह्ये मामा वंगाळ बोलले होते गाडीला. मला तवाच वाटलं, नजर लागणार." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. दगड कुणी ठेवला हा विषय तिथं निघालाच नाही. आमच्या लग्नांत मोडणारे मुलाकडचे असतात आणि जोडून देणारे मुलीकडचे.

नवरदेव प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. "मग मी परण्या काढत न्हाई," म्हणाला. लोक हसले, कारण नवरदेवानं रुसायचं आणि मुलीकडच्यांनी अंगठी नाहीतर घड्याळ देऊन रुसवा काढायचा ही रीतच आहे. पण तो खुर्चीतून उठेना. "फोटो गेलेत सगळीकडं. आता काय जीपमधनं जाऊ का?" हसणं हळूहळू बंद पडलं. दाजींनी अंगठीचं विचारून पाहिलं. तो म्हणाला, "अंगठी नको. गाडी चालती करा."

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "तूच जा रे. तुझ्यावर आलंय सगळं."

निघण्याआधी मी भाचीच्या खोलीच्या दारातून सांगितलं, "येतो गं जाऊन."

हळद लागलेला चेहरा दारात आला. "कुठं?"

"टायर आणायला."

"दुसरं कुणीच नाही का एवढ्या माणसांत?"

"मी नजर लावलीय, मग मीच उतरवायला पाहिजे."

ती हसली, पण पुरतं नाही. "मुहूर्ताच्या आत या मामा. मी तुमच्याशिवाय खोलीतून बाहेर पडणार नाही."

गाडीच्या एका बाजूला विटा रचल्या, चाक काढून माझ्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकलं आणि ड्रायव्हरला घेऊन मी नांदेडला आलो. देगलूर नाक्याकडं टायरची दुकानं ओळीनं आहेत. टिपरचे टायर, ट्रॅक्टरचे टायर, जीपचे टायर. माणसाच्या उंचीच्या रबराच्या थप्प्या. पहिल्या दुकानदारानं आमचं चाक हातात घेऊन फिरवलं. "सर, ह्याला टायर म्हणू नका, बांगडी म्हणा. एवढ्याशा रबरावर गाडी चालती व्हय?" मग त्यानं चाकाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. "हैदराबादहून मागवतो. परवा येईल."

"आज लग्न आहे."

"मग परवा करा," तो म्हणाला आणि शेजारच्या दुकानातल्यालाही बोलावून हसला.

दुसऱ्या दुकानात एका मोठ्या गाडीचा जुना टायर निघाला. मापाला जवळपास बसत होता. दुकानदार म्हणाला, "चालतंय, बसवून टाका." ड्रायव्हर म्हणाला, वळताना पत्र्याला घासेल, आणि मालक त्याची चामडी काढेल. तिसऱ्यानं आत्मविश्वासानं सांगितलं, "आतून जाड ठिगळ मारून देतो. म्हसोबाला बोकड कापीपर्यंत टिकंल." म्हसोबाचा आणि आमचा काय संबंध ते मी विचारलं नाही. त्यानं ठिगळ मारलं, टायर चढवला, हवा भरायला घेतली. चिरेच्या जागी टेंगूळ आलं. ते लिंबाएवढं झालं, मग मोसंबीएवढं. मग कुणी काही न सांगता आम्ही सगळे दुकानाबाहेर पळालो. मीसुद्धा, पदार्थविज्ञान शिकवण्यात गेलेल्या आयुष्याचा तेवढा उपयोग झाला. आतून धाडकन आवाज आला. दुकानदार आत डोकावून म्हणाला, "माल कच्चा हाय तुमचा."

ड्रायव्हर फूटपाथवर बसून फोन लावत होता. अशा गाड्या चालवणाऱ्यांचा एक ग्रुप असतो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "लातूर में एक है साब. अपने-इच कंपनी की. क्लासवाले सर की है."

ती गाडी मलाही माहीत होती. लातूरच्या रस्त्यावर जिथं तिथं त्या क्लासचे फ्लेक्स आहेत. वर पोरांचे पासपोर्टएवढे फोटो आणि खाली हाताची घडी घालून त्या गाडीला टेकलेले संचालक. पोरं डॉक्टर होणार आणि संचालकांना गाडी, एवढा त्याचा अर्थ कुणालाही कळतो.

नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूर मधेच लागतं. लोहा गावाच्या पुढं भाचीचा फोन आला. तिला अक्कानं सांगितलं होतं. "मामा, आता लातूरला जाऊ नका. टायर राहू द्या. कार्यालय रस्त्यावरच आहे, इथं उतरा."

"आणि तो परण्याला नाही निघाला तर?"

"निघेल हो. भूक लागली की निघेल."

तिचा फोन संपतो न संपतो तोच अक्काचा. "रिकाम्या हातानं येऊ नको रे. अजून तसाच बसून राहिलाय. त्यांच्यातली एक बाई तर म्हणली, ह्यांना लेकीचं लग्न उरकायचंय, मान करायचा न्हाई."

एकट्या ड्रायव्हरला कुणी आपल्या गाडीचं चाक काढून देणार नव्हतं. तिथं 'सर' लागणार होता. कार्यालयाची कमान आली तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला. आतून आचाऱ्यांच्या पळ्यांचा आवाज येत होता. दिवस अजून वर होता. जाऊन येण्याइतका वेळ आहे, असा हिशेब मी मनात केला आणि तो हिशेब बरोबर होता. लातूरची माणसं त्यात धरलेली नव्हती, एवढंच.

क्लासच्या पोर्चमध्ये ती गाडी उभी होती, काळी, भोवती पितळी खांबांना लावलेला जाड लाल दोर. पालक तिच्याजवळून जाताना आवाज खाली आणत होते. संचालक केबिनमध्ये भेटले. मी निवृत्त प्राध्यापक, भाचीचं लग्न, असं असं झालं, सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले. "सर, चाकच काय, गाडी घेऊन जा म्हटलं असतं. शिक्षण म्हणजे शेवटी देणंच असतं ना?" मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "फक्त आत्ता पालकांचं चर्चासत्र आहे. गाडी जॅकवर दिसली तर पालकांत चुकीचा मेसेज जातो. तेवढं होऊ द्या. तुम्ही पण बसा ना."

"मला घाई आहे हो. मुलीचा मामा आहे मी."

"हे काय, लगेच संपतंय. फिजिक्सचे सर आपल्याकडं आले आणि पहिल्या रांगेत नाहीत, हे बरं दिसत नाही."

मी पहिल्या रांगेत बसलो. संचालकांनी स्वप्न या विषयावर भाषण केलं. स्वप्नं छोटी बघू नका, हे त्यांनी निरनिराळ्या आवाजांत सांगितलं. माझा फोन खिशात थरथरत होता. मी उठायला लागलो तेवढ्यात माईकवरून माझ्याकडं हात झाला. "आज आपल्यात नांदेडचे एक ज्येष्ठ गुरुवर्य..." आणि माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मोठी फुलं. आयुष्यभर सत्कारांची टिंगल केली, पण अंगावर पडणारी शाल चुकवून पळण्याचं तंत्र कधी शिकलो नव्हतो. टाळ्यांत उभा राहून मी हात जोडले. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणालो, "मला जायचंय." लोकांना तो विनय वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पालक गेल्यावर फाटक बंद झालं आणि मग काम सुरू. जॅक गाडीखाली जाईना, इतकी ती खाली. फळ्या शोधल्या, चाकं फळ्यांवर चढवली, मग जॅक गेला. चाक निघालं. ड्रायव्हरनं आकडे ताडून पाहिले, बोल्टांच्या भोकांवर बोटं ठेवून अंतर बघितलं. टायर जरा झिजलेला होता. "चल जाता साब," तो म्हणाला. संचालकांनी माझ्या हातात चाक देतानाचा फोटो काढून घेतला. चाक जड होतं; फोटोग्राफरला तो तीनदा काढावा लागला, कारण मी हसत नव्हतो.

चाकूरच्या पुढं आलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. अक्काचा फोन. मागं बँड वाजत होता.

"निघाला बाबा एकदाचा!"

"कोण?"

"नवरदेव. साहेब आलेत ना." साहेब म्हणजे मुलाकडच्यांचे पुढारी. "त्यांना अजून दुसरी लग्नं करायचीयत, थांबता येत न्हाई म्हणाले. त्यांनीच नवरदेवाला आपल्या गाडीत घेतला. लई खूश झाला तो."

"अक्का, मी येतोय. जरा थांबवा."

"साहेबांना कसं थांबवू रे? दाजींच्या चुलतभावाला मामा म्हणून उभं केलंय."

"ती काय म्हणाली?"

"ती बसली होती अडून. मी हात जोडले तिला." मग अक्का कुणाशीतरी बोलायला लागली आणि फोन बंद करायचा राहिला. लाऊडस्पीकरवरून कुणीतरी म्हणत होतं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. नंतर मंगलाष्टकं सुरू झाली. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मी गाडी चालवत राहिलो. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. टायरचं कुणी विचारलं नाही. नवरदेवानं मात्र लांबून ओळखलं. आता तो प्रसन्न होता, आणि प्रसन्न असताना चांगला मुलगा होता. "मामा! आणलंत का? भारी! पाठवणी ह्याच गाडीतनं करू."

मग देवळापुढं हॅलोजनच्या उजेडात मी आणि ड्रायव्हर चाक बसवायला लागलो. नवरदेवाचे मामा शेजारी उभे राहून सूचना देत होते. "आवळा, आजून आवळा. स्टेपनीबिगर गाडी म्हंजे काय गाडी हाय!" नवरदेवाच्या आईनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. "मनाला लावून घेऊ नका मामा, सकाळी बोलून गेले. तुम्ही लई गुणाचे हायेत." ती ते मनापासून बोलली. तिच्यावर रागावता येईना, याचाही राग आला.

पाठवणीला बायका रडल्या, बँडवाल्यांनी रडण्यासाठी जी धून असते ती वाजवली. भाचीला गाडीत बसवलं. शालू, हार, दागिने सगळं सावरत ती इतकी खाली गेली की तिच्याशी बोलायला मला जमिनीवर उकिडवं बसावं लागलं.

"चाक बसलं?" तिनं विचारलं.

"बसलं."

ती समोर बघत होती. "काकांनी हाताला धरून नेलं. मंगलाष्टकं निम्म्यात होती तेव्हा साहेब निघाले, तर काका त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मला पावलं ऐकू आली जाताना. मग माझ्या मागं कुणी येऊन उभं राहिलं का नाही, मला माहीत नाही. अंतरपाट धरलेला असताना मागं वळून बघत नसतेत."

मला म्हणायचं होतं की मी जोरात आलो, की तुझ्या आईनं सांगितलं म्हणून थांबलो नाही, की तुझ्या सासरी तुला बोलणं बसू नये म्हणून गेलो. यातलं सगळं खरं होतं.

"दुपारी फाटकापुढून गेलात ना?" ती म्हणाली. "मी गच्चीवर होते. तुमची गाडी हळू झाली तेव्हा मला वाटलं, आलात."

दुसऱ्या बाजूनं नवरदेव स्वतःच स्टिअरिंगवर बसला आणि लोकांना हात करायला लागला. तिचं दार ड्रायव्हरनं बाहेरून लावलं. असल्या गाड्यांची दारं आपटत नाहीत, हलकेच चिकटतात. नंतर काचेतून काही ऐकू येत नाही.

गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. मी गुडघे धरून उठलो. अक्का माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती, डोळे पुसत. लांब गेलेल्या दिव्यांकडं बघत ती म्हणाली, "बरं झालं बाबा, चाक मिळालं."

मी हो म्हणालो.